शून्य पर्सेंटाइल चालते, मग आमच्या नर्सचा अनुभव का चालत नाही?



एम.एस्सी. नर्सिंगसाठी इंडियन नर्सिंग कौन्सिलची अट आहे: बी.एस्सी. नर्सिंगला किमान 55 टक्के (अनुसूचित जाती-जमातींना 5 टक्के सवलत), नोंदणी आणि एक वर्षाचा अनुभव. कागदावर अट सरळ आहे. पण उंब्रज-कराड भागात काम करताना आम्हाला वेगळेच दिसते. आमच्या वस्तीतल्या मुली खासगी दवाखान्यांत वर्ष-दोन वर्षे रात्रपाळ्या काढतात. नेमणूकपत्र नाही, पगार रोख हातात. दाखला मागितला की उत्तर मिळते, "तुझं नाव रजिस्टरला कुठंय?" काम केले तिने, अनुभव मात्र शून्य.

आता दुसरे शून्य पाहा. सप्टेंबर 2023 मध्ये नीट-पीजीची पात्रता सर्व प्रवर्गांसाठी शून्य पर्सेंटाइलवर आणली गेली. तेव्हा 'मेरिट'वाले गप्प होते. आमची 5 टक्के सवलत मात्र त्यांच्या डोळ्यांत खुपते. नीट-पीजीतील ओबीसी आरक्षण कायम ठेवताना जानेवारी 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले की परीक्षेतले गुण म्हणजेच गुणवत्ता नव्हे.

अनुभवाची अट आम्हाला मान्य आहे. रुग्णाजवळ कधी उभी न राहिलेली नर्स उद्या विद्यार्थ्यांना काय शिकवणार? पण तो अनुभव मालकाच्या मर्जीवर नको. नेमणूकपत्र आणि बँकेतून पगार सक्तीचा करा. हजेरी व बँकेची नोंद हाच पुरावा धरा.

मुलींनो, पहिल्याच दिवशी नेमणूकपत्र मागा. एकटीला भीती वाटली तर सांगा, आपण मिळून मागू.