एका पराभवाचा धडा

दरवर्षी दहावीच्या वर्गात एखादा विद्यार्थी हटकून विचारतो, “सर, ज्यांनी मताचा अधिकार दिला ते बाबासाहेब निवडणुकीत का हरले?” अनेक वर्षे आम्ही या प्रश्नाला ठरावीक उत्तर देत आलो. काँग्रेसने हरवले, एवढे सांगून पुढच्या प्रकरणाकडे वळत होतो. उत्तर खोटे नव्हते, पण अपुरे होते. इतिहास शिकवणाऱ्याने अपुऱ्या उत्तरावर समाधान मानणे हा विद्यार्थ्यांशी केलेला अन्याय होय, असे आता आम्हांस वाटते. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने, आज त्या रूपात अस्तित्वात नसलेल्या एका मतदारसंघाचा हिशेब येथे मांडीत आहोत.

तो मतदारसंघ म्हणजे मुंबई शहर उत्तर. सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि जानेवारी १९५२ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे उमेदवार म्हणून ते येथून उभे राहिले. मतदारसंघ द्विसदस्य होता. एक जागा सर्वसाधारण, दुसरी राखीव. फेडरेशनची युती समाजवादी पक्षाशी होती आणि सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता सहकारी उमेदवार होते. कम्युनिस्टांचे श्रीपाद अमृत डांगेही रिंगणात होते. निकालात दोन्ही जागा काँग्रेसकडे गेल्या. सर्वसाधारण जागेवर विठ्ठल बाळकृष्ण गांधी आणि राखीव जागेवर नारायण सदोबा काजरोळकर निवडून आले. काजरोळकरांना १,३८,१३७ मते मिळाली, बाबासाहेबांना १,२३,५७६. फरक १४,५६१ मतांचा.

हे आकडे नुसते पाठ करून उपयोग नाही. त्यांमागील रचना समजली पाहिजे. प्रत्येक मतदाराला दोन मते होती आणि उमेदवारागणिक चिन्ह लावलेली वेगळी मतपेटी होती. दोन्ही मते एकाच उमेदवाराला दिली तर त्यांतील एक बाद होत असे. राखीव जागेचा उमेदवार अनुसूचित जातीचा असला, तरी त्याची निवड सर्व मतदार मिळून करीत. १९३२ च्या पुणे करारानंतर आपल्या वाट्याला आलेल्या संयुक्त मतदारसंघाचे खरे स्वरूप हेच होते.

दोन वर्षांपूर्वी आम्ही वसतिगृहाच्या विद्यार्थी मंडळाची निवडणूक मुद्दाम याच पद्धतीने घेतली. एक जागा सर्वांना खुली, एक पाचवी-सहावीच्या मुलांसाठी राखीव. प्रत्येकाला दोन चिठ्ठ्या. मोजणीत अकरा चिठ्ठ्या बाद निघाल्या, कारण मोठ्या मुलांनी दोन्ही चिठ्ठ्या आपल्याच मित्राच्या डब्यात टाकल्या होत्या. राखीव जागेचा निकाल मात्र तीन मतांनी लागला. पाचवीतला एक मुलगा रडवेला होऊन म्हणाला, “सर, आमचा प्रतिनिधी मोठ्या मुलांनी का निवडला?” पुणे करारावरील आमच्या कोणत्याही व्याख्यानाने जे साधले नव्हते, ते त्या एका प्रश्नाने साधले.

१९५२ मध्येही मुंबई शहर उत्तरमध्ये सत्तर हजारांहून अधिक मते बाद ठरली. बाबासाहेब आणि अशोक मेहता यांनी निवडणूक अर्ज दाखल केला. दुसरे मत वाया घालविण्याचा प्रचार झाला, हा त्यातील मुख्य आक्षेप होता. अर्ज फेटाळला गेला. बाद मते पराभवाच्या फरकाच्या चौपटीहून अधिक होती. ती सारीच बाबासाहेबांना मिळाली असती असे कोणी म्हणू नये. पण मत कसे द्यावे याचे ज्ञान मत देण्याच्या अधिकाराइतकेच मोलाचे असते, एवढे त्यावरून निश्चित सिद्ध होते.

या कथेचा उत्तरार्ध आपण क्वचितच सांगतो. १९५४ च्या भंडारा पोटनिवडणुकीत पुन्हा तेच घडले. अशोक मेहता निवडून आले, बाबासाहेब पडले. मित्रपक्षाच्या मतदाराचे पहिले मत मिळते, दुसरे मिळेलच असे नाही, हा तो कटू धडा. परंतु १९५७ मध्ये, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर काही महिन्यांतच, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मुंबई शहर मध्य या द्विसदस्य मतदारसंघातून डांगे आणि फेडरेशनचे जी. के. माने हे दोघेही विजयी झाले. पद्धत तीच होती. पाच वर्षांपूर्वी परस्परांविरुद्ध उभे असलेले पक्ष आता एका लढ्यात उतरले होते, एवढाच फरक.

१९६१ च्या कायद्याने द्विसदस्य मतदारसंघ संपले. आज मुंबईतील लोकसभेच्या सहापैकी एकही जागा राखीव नाही. तरीही १९९८ मध्ये मुंबई उत्तर मध्य, अकोला, अमरावती आणि चिमूर या चार सर्वसाधारण जागांवरून रिपब्लिकन नेते लोकसभेत गेले. एकी आणि युती एकत्र आली की काय होते, ते महाराष्ट्राने पाहिले. ती एकी टिकली नाही, हेही पाहिले.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, १९५२ चा पराभव केवळ इतरांच्या कपटाची कथा म्हणून मुलांना सांगू नये. तसे सांगितल्याने राग येतो, शहाणपण येत नाही. काजरोळकरांना दूषणे देऊन आपली जबाबदारी संपत नाही. मतपेटीची रचना, मित्राची पारख आणि स्वतःची संघटना या तिन्ही गोष्टी ज्याला कळल्या, त्यालाच हा पराभव कळला.

या शाळेचे माजी विद्यार्थी आज वेगवेगळ्या गटांत आहेत. जयंतीच्या मिरवणुकाही काही गावांत दोन निघतात. आम्ही कोणाला गट सोडा असे म्हणत नाही. मात्र येत्या संविधान दिनी, २६ नोव्हेंबरला, सर्वांनी शाळेत यावे आणि मुलांची ती दोन चिठ्ठ्यांची निवडणूक पाहावी, अशी नम्र विनंती आहे. मोजणीच्या वेळी बाद चिठ्ठ्या वेगळ्या काढून आम्ही मुलांसमोर ठेवतो. त्यांच्याकडे आपण मोठ्यांनीही एकदा पाहावे.

जय भीम!