सरळ फटक्याचे मोल

गोल्फमध्ये प्रत्येक होलची सुरुवात टी नावाच्या लहानशा खुंटीच्या जागेपासून होते. लांब पल्ल्याच्या होलवर पहिल्या फटक्यासाठी बहुधा ड्रायव्हर हाती घेतला जातो. खेळाडूच्या पिशवीतील ही सर्वांत लांब काठी. ती हाती येताच नवख्या खेळाडूच्या मनात एकच विचार येतो, तो म्हणजे चेंडू किती दूर जाईल. तो कोठे जाईल, हा प्रश्न मागे पडतो. विक्रीचा आकडा पाहून हरखणाऱ्या आणि वसुलीकडे दुर्लक्ष करणाऱ्या दुकानदाराची जी गत होते, तीच या खेळाडूची होते.

येथील हिशेब साधा आहे. चेंडू २५० यार्ड जाणार असेल आणि त्याची दिशा केवळ एका अंशाने चुकली, तर तो लक्ष्यापासून चार यार्डांहून थोडा अधिक बाजूला पडतो. चूक चार अंशांची झाली तर हे अंतर सुमारे साडेसतरा यार्ड होते. फेअरवे, म्हणजे आखूड गवताचा पट्टा, तीस यार्ड रुंद असेल तर मध्यापासून त्याची कड पंधरा यार्डांवर असते. तेव्हा चार अंशांची चूक चेंडूला उंच गवतात नेण्यास पुरेशी आहे. चेंडू सीमेबाहेर गेला तर दंडाचा एक फटका धरला जातो आणि पुन्हा त्याच जागेवरून खेळावे लागते. म्हणजे टीवरून मारलेला दुसरा चेंडू हिशेबात तिसरा फटका ठरतो. वीस यार्डांच्या हव्यासापायी दोन फटके गमावणे हा तोट्याचाच सौदा होय.

अचूकता हीच पुंजी मानून मोठे यश मिळविणाऱ्या खेळाडूंत अमेरिकेच्या कॅल्विन पीट यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांचा जन्म १९४३ साली डेट्रॉइट येथे एका मोठ्या कुटुंबात झाला. बालपणी झाडावरून पडून त्यांचा डावा कोपर मोडला. हाड नीट न जुळल्याने तो हात पुढे कधीच पूर्ण सरळ झाला नाही. शाळा अर्ध्यावर सुटली. फ्लोरिडात शेतमजुरी केल्यानंतर त्यांनी फिरता व्यापार आरंभिला. हंगामाप्रमाणे गावोगाव जाणाऱ्या शेतमजुरांना ते मोटारीतून कपडे आणि दागिने विकीत असत.

१९६६ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे मित्रांनी त्यांना मैदानावर नेले, तेव्हा त्यांनी प्रथम गोल्फची काठी हाती धरली. बहुतेक नामवंत खेळाडू या वयापर्यंत दहा-पंधरा वर्षे खेळलेले असतात. शिवाय, उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा हात फटक्याच्या वेळी ताठ असावा, ही त्या खेळाची पहिली शिकवण. पीट यांना ती पाळणे शरीरतःच अशक्य होते. तरीही १९७५ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या प्रमुख व्यावसायिक स्पर्धामालिकेत प्रवेश मिळविला.

पीट दूर मारणारे खेळाडू नव्हते. त्यांचा फटका आटोपशीर असे, आणि प्रत्येक वेळी त्याची लय तीच असे. टीवरून मारलेला चेंडू फेअरवेवर ठेवण्यात १९८१ ते १९९० अशी सलग दहा वर्षे ते त्या स्पर्धामालिकेत पहिले राहिले. त्यांनी एकूण बारा स्पर्धा जिंकल्या, त्यांपैकी चार एकट्या १९८२ मध्ये. त्याच वर्षी, रायडर कपच्या अमेरिकन संघासाठी पात्र होता यावे म्हणून, त्यांनी शालान्त परीक्षेच्या तोडीची परीक्षा देऊन राहिलेले शिक्षणही पूर्ण केले. पुढे १९८३ आणि १९८५ मध्ये ते त्या संघातून खेळले. १९८४ मध्ये सर्वोत्तम सरासरीची व्हार्डन ट्रॉफी आणि १९८५ मध्ये प्लेअर्स चॅम्पियनशिप त्यांनी मिळविली. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या उदाहरणावरून हे स्पष्ट होते की सरळ फटका बाहुबलापेक्षा सातत्यावर अवलंबून असतो. त्यासाठी काही गोष्टी कटाक्षाने पाळाव्या लागतात.

पहिली गोष्ट काठीच्या मुखाची. चेंडू ज्या दिशेने निघतो ती मुख्यतः आघाताच्या क्षणी मुख कोठे वळलेले आहे यावर ठरते. काठी ज्या मार्गाने येते तो मार्ग आणि मुखाची दिशा यांत अंतर पडले की चेंडू हवेत वळतो. उजव्या हाताने खेळणाऱ्याचे मुख मार्गाच्या मानाने उघडे राहिले तर चेंडू उजवीकडे वळतो, त्यास स्लाइस म्हणतात. मुख मिटलेले असेल तर तो डावीकडे वळतो, तो हूक. म्हणून पकड प्रथम तपासावी.

दुसरी गोष्ट उभे राहण्याची. चेंडू पुढच्या पायाच्या टाचेच्या रेषेत असावा आणि साधारण अर्धा चेंडू काठीच्या माथ्यावर दिसेल इतकी टी उंच असावी. दूरच्या लक्ष्याकडे रोखून पाहत बसण्यापेक्षा त्याच रेषेत, चेंडूच्या पुढे हातभर अंतरावर, गवताची एखादी खूण निवडावी आणि मुख तिच्याकडे करावे. पाय व खांदे त्यानंतर जुळवावेत.

तिसरी गोष्ट संयमाची. काठी एक इंच खाली धरली तर पल्ला थोडा घटतो, परंतु चेंडू मुखाच्या मध्यावर लागण्याची शक्यता वाढते. फटका संपल्यावर तोल सांभाळून क्षणभर स्थिर उभे राहता येईल, इतकाच वेग ठेवावा. उजवीकडे पाणी किंवा सीमा असेल तर टीच्या जागेच्या उजव्या बाजूस चेंडू ठेवून डावीकडे रोख धरावा, म्हणजे खेळण्यास अधिक रुंदी मिळते. फारच अरुंद होल असेल तर ड्रायव्हर पिशवीतच ठेवावा.

शेवटची गोष्ट वहीची. अठरा होलांच्या मैदानावर ड्रायव्हर वापरण्याजोगे होल सामान्यतः चौदा असतात. प्रत्येक फटका डावीकडे गेला, उजवीकडे गेला की फेअरवेवर राहिला, एवढीच नोंद ठेवावी. पाच फेऱ्यांत सत्तर नोंदी होतात. त्यांतील बहुतेक चुका एकाच बाजूच्या असतील तर दोष पकडीत, मुखात किंवा मार्गात आहे असे समजावे व प्रशिक्षकास ती वही दाखवावी. दोन्ही बाजूंस सारख्या असतील तर वेग कमी करून पाहावा. पिढ्यान्‌पिढ्या रोजमेळ लिहिणाऱ्या घरांतील मुलामुलींना हे काम जड जाऊ नये.