संचातली रिकामी जागा

ईद झाली की आठवडाभर घरोघरी एकच हिशेब चालतो. ईदीचे पैसे गेले कुठे? थोडे अम्मीकडे जमा होतात, थोडे आइस्क्रीमवर उडतात. घरात आठ ते चौदा वर्षांचं पोरगं असेल, तर उरलेले बहुधा कार्डांवर जातात. क्रिकेटवाल्यांची कार्डं, कुस्तीवाल्यांची कार्डं, गाड्यांची कार्डं. आपल्या धामणगाव रेल्वेत ती जनरल स्टोअरच्या काउंटरवर बरणीशेजारी टांगलेली दिसतात. अमरावतीला गेलं तर आणखी दहा प्रकार मिळतात. मग संध्याकाळी अब्बा कामावरून आले की पोरगं जवळ येऊन हळूच म्हणतं, "अब्बा, पूर्ण संचात फक्त एकच राहिलं."

या महिन्यात त्या "एकच राहिलं"विषयी बोलू या. त्यात पैशांचा हिशेब आहे, बाजाराची युक्ती आहे आणि मुलांच्या हातांना चांगलं काम लावायची एक वाटही आहे.

काही कार्डं डबीत पूर्ण संच म्हणून मिळतात. ती घेतली की प्रश्न मिटतो. खरी गंमत बंद पाकिटाची. आत काय निघेल ते फोडल्याशिवाय कळत नाही. समजा, संच पन्नास कार्डांचा आहे, प्रत्येक पाकिटात एकच कार्ड निघतं आणि सगळी कार्डं सारख्याच संख्येनं छापलेली आहेत. पहिली पंचवीस वेगवेगळी कार्डं जमायला सरासरी चौतीस-पस्तीस पाकिटं लागतात. पोरगं खूश होतं, निम्मा संच झाला! पण पुढची पंचवीस जमायला आणखी एकशे नव्वदच्या आसपास पाकिटं लागतात. एकट्या शेवटच्या कार्डासाठी सरासरी पन्नास. म्हणजे पन्नास कार्डांच्या संचासाठी एकूण सव्वादोनशेच्या घरात पाकिटं. पाकीट पाच रुपयांचं धरलं तरी हजाराच्या वर खर्च, आणि घरात पावणेदोनशे डबल कार्डं. मोहल्ल्यातल्या मुलांशी अदलाबदल केली तर हा आकडा पुष्कळ खाली येतो, हे खरं. एकट्यानं पाकिटं फोडत बसलं तर येत नाही. आत काय आहे ते माहीत नसताना पुन्हा पुन्हा पैसे लावायचे, ही सवय कशाच्या जवळ जाते ते वाचकांना वेगळं सांगायला नको.

हा झाला प्रामाणिक दुकानदारीचा हिशेब. कधी कधी जागा मुद्दामच रिकामी ठेवली जाते. अशा कार्डांचा शौक सगळ्यात जास्त वाढला तो अमेरिकेत, बेसबॉलच्या खेळाभोवती. बेसबॉल म्हणजे आपल्या क्रिकेटचा दूरचा भाऊ. तिथे १९३३ मध्ये गाउडी नावाच्या च्युइंगमच्या कंपनीनं १ ते २४० क्रमांकांचा संच काढला. मुलं गम चघळत राहिली, कार्डं जमवत राहिली. १०६ क्रमांकाचं कार्ड मात्र कुणालाच मिळेना. मिळणार कसं? ते छापलेलंच नव्हतं. संच अपुरा राहिला की मुलं गम घेत राहतील, हा त्यामागचा हिशेब. तक्रारींची पत्रं येऊ लागली तेव्हा पुढच्या वर्षी, १९३४ मध्ये, कंपनीनं नॅप लाजोई या जुन्या खेळाडूचं कार्ड १०६ क्रमांकानं छापलं आणि पत्र लिहिणाऱ्यांना टपालानं पाठवलं. ज्या मुलांना पत्र लिहायचं सुचलं नाही, त्यांनी गमवर किती पैसे घातले असतील याचा अंदाज करा.

दुसरी रिकामी जागा वेगळ्या प्रकारची. मॉरी विल्स नावाचा खेळाडू होता. टॉप्स ही तिथली कार्डांची सगळ्यात मोठी कंपनी. हा पोरगा मोठ्या संघापर्यंत पोचेल असं कंपनीच्या माणसांना वाटलं नाही, म्हणून त्यांनी त्याच्याशी करार केला नाही. १९६२ मध्ये त्याच विल्सनं एका हंगामात १०४ वेळा गोलंदाजाची नजर चुकवून पुढचा तळ गाठला आणि आपल्या लीगमधला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. तरी १९६७ पर्यंत टॉप्सच्या संचात त्याचं कार्ड नव्हतं. पुढे १९७५ मध्ये कंपनीला जुन्या विजेत्यांची जुनी कार्डं एका मालिकेत दाखवायची होती. १९६२ चं विल्सचं कार्ड कुठून आणणार? मग कंपनीनं १९६२ च्या धाटणीचं, कधीच न निघालेलं कार्ड नव्यानं तयार केलं आणि तेच छापलं. अमेरिकेतले कितीतरी शौकीन आज घरी हेच करतात. ज्या खेळाडूला कंपनीनं वगळलं, त्याचं कार्ड त्याच वर्षाच्या नमुन्यात स्वतः बनवायचं आणि संचातल्या रिकाम्या जागी लावायचं.

आता आपल्याकडे येऊ. ऐंशी-नव्वदच्या दशकांत बबलगमबरोबर निघणारे क्रिकेटपटूंचे फोटो ज्यांनी जमवले, ते आज अब्बा आणि चाचा झाले आहेत. तेव्हाही त्या फोटोंत मुंबई, दिल्ली, बंगलोरची नावं दिसायची, आजही दिसतात. विदर्भाचा संच दुकानात मागून पाहा, मिळणं कठीण. आणि छापण्यासारखं काही नाही म्हणावं, तर तसंही नाही.

विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून रणजी करंडक खेळतोय. साठ वर्षं गेली, एकदाही करंडक आला नाही. मग १ जानेवारी २०१८ ला इंदूरच्या मैदानावर दिल्लीला नऊ गडी राखून हरवलं आणि करंडक नागपुरात आला. पुढच्या वर्षी पुन्हा. २०२४-२५ मध्ये तिसऱ्यांदा. या मंडळींचा नऊ कार्डांचा संच घरी बनवता येईल. नऊच का, ते पुढे सांगते. आधी नावं आणि कार्डामागे लिहायची माहिती घ्या.

पहिलं कार्ड फैज फजलचं. पहिला रणजी करंडक आला तेव्हाचा कप्तान. त्या हंगामात त्याच्या ९१२ धावा होत्या. भारताकडून तो एकच एकदिवसीय सामना खेळला, जून २०१६ मध्ये हरारेत झिम्बाब्वेविरुद्ध. त्यात नाबाद ५५ धावा केल्या आणि भारत दहा गडी राखून जिंकला. पुन्हा त्याला संधी मिळाली नाही. आपला मॉरी विल्स म्हणावा तर तो हाच.

दुसरं वसीम जाफरचं. मुंबईच्या बेस्ट बसचालकाचा हा मुलगा उतरत्या वयात विदर्भाकडून खेळायला आला आणि मार्च २०१८ मध्ये, चाळिशीत, नागपुरात इराणी करंडकाच्या सामन्यात २८६ धावा करून गेला. रणजीत त्याच्या एकूण धावा बारा हजारांवर आहेत.

तिसरं रजनीश गुरबानीचं. दिल्लीविरुद्धच्या त्या अंतिम सामन्यात त्यानं हॅट्‌ट्रिक घेतली. रणजीच्या अंतिम सामन्यातली ती फक्त दुसरी. चौथं अक्षय वाडकरचं. हा यष्टिरक्षक. त्याच सामन्यात त्याच्या १३३ धावा, आणि २०२५ चा करंडक त्याच्या कप्तानीत. पाचवं आदित्य सरवटेचं. फेब्रुवारी २०१९ च्या अंतिम सामन्यात सौराष्ट्राचे अकरा बळी घेतले. चेतेश्वर पुजाराला दोन्ही डावांत बाद केलं, एकदा एका धावेवर, एकदा शून्यावर. सहावं हर्ष दुबेचं. २०२४-२५ मध्ये एका रणजी हंगामात ६९ बळी, एवढे आजवर कुणाचेच नव्हते.

सातवं उमेश यादवचं. खापरखेड्याकडच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा. विदर्भाकडून खेळत भारताच्या कसोटी संघात पोचलेला पहिला खेळाडू, ५७ कसोटींत १७० बळी. आठवं जितेश शर्माचं. हा आपल्या अमरावतीत जन्मलेला. मे २०२५ मध्ये आयपीएलमध्ये लखनौविरुद्ध ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा काढल्या, त्या दिवशी बंगळूरू संघाचा कप्तानही तोच होता. आणि नववं नागपूरच्या मोना मेश्रामचं. २०१७ च्या विश्वचषकात अंतिम फेरीत पोचलेल्या भारतीय संघात ती होती. हे नववं कार्ड मुलींना बनवू द्या. भावाच्या गठ्ठ्यात मुलगी एकही का नाही, असं त्या मनात विचारत असतात, तोंडानं म्हणत नाहीत.

आता बनवायचं कसं ते पाहू. कार्डाचं नेहमीचं माप अडीच इंच बाय साडेतीन इंच. ए-फोर कागदावर आडवी तीन आणि उभी तीन, म्हणजे बरोबर नऊ कार्डं बसतात आणि चारही बाजूंना थोडा कोरा कागद उरतो. म्हणून नऊचा संच. मात्र दुकानातल्या संचात मिसळायचं कार्ड असेल तर आधी ते कार्ड पट्टीनं मोजा, सगळ्यांचं माप सारखं नसतं.

सगळ्यात स्वस्त वाट म्हणजे जुन्या लग्नपत्रिका. प्रत्येक घरात त्यांचा गठ्ठा असतो आणि कागद जाड असतो. पत्रिकेची कोरी बाजू मापानं कापा. पुढे वर्तमानपत्रातला फोटो किंवा हातानं काढलेलं चित्र लावा. मागच्या बाजूला पांढरा कागद चिकटवून त्यावर माहिती लिहा. डिंकाचा हात पातळ ठेवा आणि रात्रभर जाड पुस्तकाखाली दाबा, नाहीतर कार्ड पापडासारखं वळतं. कापायला कात्रीपेक्षा स्टीलची पट्टी आणि कटर बरा, पण कटर मोठ्यांच्या हातात.

थोडा खर्च करायचा असेल तर संगणकावर नऊ चौकटी आखा आणि झेरॉक्सच्या किंवा पत्रिका छापणाऱ्याच्या दुकानात जाड आर्ट पेपरवर रंगीत छापून घ्या. प्रत्येक कार्डाभोवती पांढरी कड ठेवा, म्हणजे कापताना एखादा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तरी दिसत नाही. पाठपोट छपाई असेल तर मागची नावं उलट क्रमानं लावा. पुढे डावीकडे असलेलं कार्ड कागद उलटल्यावर उजवीकडे जातं. आधी साध्या कागदावर एक प्रत काढून दिव्यासमोर धरून पाहा.

काही घरांत चेहऱ्यांची चित्रं काढत नाहीत. त्यांचंही अडत नाही. पाठमोरा फलंदाज काढा, नुसती बॅट आणि हेल्मेट काढा किंवा मोठ्या अक्षरांत नाव लिहा. कार्डाची खरी किंमत मागच्या बाजूला असते. तिथे नाव, गाव, डावरा की उजवा, एक मोठा आकडा आणि एक वाक्य. ते एक वाक्य मुलानं स्वतः शोधून लिहायचं. आकडा लिहिण्याआधी दोन ठिकाणी तपासायचा. शाळेत हेच काम सांगितलं असतं तर पोरगं कंटाळलं असतं. इथे ते रात्री उशिरापर्यंत बसतं.

एक नियम मात्र कडक ठेवा. प्रत्येक कार्डाच्या मागे खालच्या कोपऱ्यात "घरी बनवलेलं" असं लिहायचं आणि साल टाकायचं. ते विकायचं नाही, आणि असली म्हणून कुणाला अदलाबदलीत द्यायचं नाही. छापील फोटो दुसऱ्याच्या मेहनतीचा असतो, त्यामुळे घरापुरतं ठीक, धंदा नको. हा नियम छोटा वाटेल, पण याच शौकातली जगातली सगळ्यात गाजलेली लबाडी इथूनच सुरू झाली. होनस वॅगनर या बेसबॉलपटूचं १९०९ ते १९११ च्या संचातलं सिगारेटचं कार्ड. त्यानं परवानगी नाकारल्यानं ते थोडंच छापलं गेलं. २०२२ मध्ये त्याची एक प्रत साडेबहात्तर लाख डॉलरला विकली गेली. त्यातल्या सगळ्यात प्रसिद्ध प्रतीच्या कडा कापून तिला नव्यासारखं केलं होतं, अशी कबुली २०१३ मध्ये लिलावाच्या धंद्यातल्या एका बड्या माणसानं अमेरिकेच्या न्यायालयात दिली. कापली होती नुसती कड, विश्वास मात्र पूर्ण गेला. आपलं घरचं कार्ड घरचं म्हणून दाखवण्यात कमीपणा नाही. उलट ते बनवलं कुणी, ते त्याच्यावरच लिहिलेलं असतं.

नऊ कार्डं झाली की पोरांचे हात थांबत नाहीत, हा माझा अनुभव आहे. मग दहावं कोणाचं करायचं? माझं म्हणणं असं, की ते आपल्या गावातल्या कुणाचं तरी करावं. कापूस निघालेल्या वावरात टेनिस बॉलनं खेळणारे, आजूबाजूच्या गावांच्या टूर्नामेंट गाजवणारे गडी प्रत्येक मोहल्ल्यात होऊन गेले. त्यांच्या धावा कुठल्या वहीत नाहीत, फोटो कुठल्या पेपरात नाहीत. आज ते सत्तरीत आहेत. कुणी दुकानावर बसतं, कुणी मशिदीच्या ओट्यावर. त्यांच्याकडे नातवाला वही-पेन देऊन पाठवा. "दादाजान, तुम्ही सगळ्यात जास्त धावा कुठे काढल्या होत्या?" एवढंच विचारू द्या. त्या तासाभरात जे निघेल ते कार्डाच्या मागे मावणार नाही, दोन कार्डं लागतील. आकड्यांची खात्री करायला त्या काळचा एखादा साथीदार शोधावा लागेल, आणि त्या निमित्तानं दोन म्हातारे कितीतरी वर्षांनी एकमेकांशी बोलतील.

कंपनीनं सोडलेली जागा आज ना उद्या कंपनी भरेलही. विदर्भानं आणखी दोन-चार करंडक आणले की इन्शाअल्लाह आपलाही संच दुकानात लटकेल. पण आपल्या मोहल्ल्यातल्या जागा भरायला बाहेरून कुणी येणार नाही. त्या भरायला वेळही फार नाही. या सुट्टीत एक ए-फोर कागद, जुन्या पत्रिकांचा गठ्ठा आणि डिंकाची बाटली मुलांसमोर ठेवा, आणि उरलेल्या ईदीचं पाकीट एवढ्यात फोडू नका.