नदीचे विष आणि कामगाराची भाकरी

१९७४ साली संसदेने जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा केला. नदीनाल्यांत विषारी द्रव्ये सोडणाऱ्यास सहा वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद त्यात होती. तिची अंमलबजावणी किती झाली हे जनतेला ठाऊक आहे. तथापि नदी नासविणे हा गुन्हा आहे, एवढे तरी कायदा मान्य करीत होता. २०२४ च्या दुरुस्तीने या अपराधाची कारावासाची शिक्षा काढून टाकली आणि तिच्या जागी १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड आणला. प्रारंभी ही दुरुस्ती हिमाचल प्रदेश, राजस्थान व केंद्रशासित प्रदेश यांना लागू झाली. अन्य राज्यांत विधानसभेच्या ठरावाने ती लागू करता येते. ज्या मालकाला सांडपाणी शुद्ध करण्यासाठी कोट्यवधींचा खर्च करावा लागतो, त्याच्या हिशेबात १५ लाखांचा दंड म्हणजे शिक्षा नव्हे. तो नदी वापरण्याचा परवडणारा भाव आहे.

हा भाव प्रत्यक्षात कोण चुकते करतो, याचे उत्तर केरळच्या चालियार नदीने अर्ध्या शतकापूर्वीच दिले आहे. १९५८ साली केरळ सरकार व बिर्ला समूहाची ग्वाल्हेर रेयॉन्स कंपनी यांच्यात करार झाला आणि त्यानुसार कोळिकोड जिल्ह्यातील मावूर येथे बांबूपासून लगदा व त्यापासून कृत्रिम धागा तयार करणारा कारखाना उभा राहिला. राज्यात तेव्हा पहिले कम्युनिस्ट मंत्रिमंडळ अधिकारावर होते. बेकारी तीव्र होती, मोठे उद्योग राज्यात थोडेच होते, आणि भांडवल ज्यांच्या हाती होते ते आपल्या अटींवरच येत होते. बांबू टनाला १ रुपया दराने देण्यात आला. १९६३ पासून कारखान्यात उत्पादन सुरू झाले. त्या काळी जलप्रदूषणाविरुद्ध केंद्रीय कायदाच नव्हता. जंगलातील बांबू नाममात्र दराने मिळाला, आणि सांडपाणी वाहून नेण्यास नदी तर फुकटच मिळाली.

त्या सांडपाण्यात काय असते आणि त्याने काय होते, हे कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले पाहिजे. मासा पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर जगतो. ३० अंश उष्णतेच्या एक लिटर स्वच्छ पाण्यात हा प्राणवायू जेमतेम साडेसात मिलिग्रॅम मावतो. लगद्याच्या सांडपाण्यातील सेंद्रिय द्रव्ये कुजविणारे जीवाणू त्याच तुटपुंज्या साठ्यावर तुटून पडतात. सांडपाण्याच्या काळसर रंगामुळे उन्हाचा प्रकाश पाण्यात खोल पोचत नाही आणि पाणवनस्पतींकडून होणारी प्राणवायूची भरपाईही थांबते. उन्हाळ्यात पाणी तापले की प्राणवायू आणखी घटतो, पण माशाच्या शरीराची गरज मात्र वाढते. मेलेले मासे कडक उन्हाळ्यात तरंगताना दिसतात त्यामागे हे साधे गणित आहे.

याखेरीज थेट विषांचा प्रश्न वेगळाच. धागा कातण्याच्या आम्लद्रावणात जस्ताचा क्षार वापरतात. पाण्यात जस्ताचे प्रमाण वाढले की माशाच्या कल्ल्यांवरील नाजूक आवरण सुजते, त्यावर चिकट द्रव साचतो आणि पाण्यातील कॅल्शियम शोषून घेण्याची क्रिया मंदावते. गंधकाच्या संयुगांतून निर्माण होणारा हायड्रोजन सल्फाइड पेशींतील श्वसनाचे विकरच निकामी करतो. मग पाण्यात प्राणवायू असूनही माशाला तो वापरता येत नाही.

आता त्याच कारखान्याच्या भिंतीआड पाहावे. लगद्याचा धागा करताना कार्बन डायसल्फाइड हे द्रव्य वापरावे लागते. अशा कारखान्यांतील कामगारांचे हातपाय बधिर होणे, मज्जातंतू दुबळे होणे, मनाचा तोल जाणे, हृदयविकार जडणे ही या द्रव्याच्या वाफांची लक्षणे वैद्यकशास्त्राला फार जुन्या काळापासून माहीत आहेत. भिंतीच्या बाहेर माशाचा श्वास कोंडतो, भिंतीच्या आत कामगाराचे मज्जातंतू झिजतात. दोन्ही ठिकाणी कारण एकच: विष आवरण्याचा खर्च वाचवून तो नफ्यात जमा करणे. भांडवली उत्पादन जमीन आणि मजूर या दोहोंना एकाच वेळी झिजवते, हा मार्क्सचा निष्कर्ष चालियारच्या काठी शब्दशः खरा ठरला.

आणि तरीही मावूरला भिंतीच्या आतले व बाहेरचे एकमेकांसमोर उभे केले गेले. नदीवर पोट असणारे मच्छीमार आणि काठावरचे शेतकरी प्रदूषणाविरुद्ध लढत होते; वाळक्काड पंचायतीचे अध्यक्ष के. ए. रहमान यांनी हा लढा दीर्घकाळ चालविला. केरळ शास्त्र साहित्य परिषदेने विज्ञानाच्या बाजूने हा प्रश्न लोकांपुढे मांडला. दुसरीकडे हजारो कामगारांना आपल्या चुलीची काळजी होती. १९८५ पासून कारखाना सुमारे तीन वर्षे बंद राहिला, तेव्हा कामगारांच्या घरी उपासमार आली आणि काहींनी आत्महत्या केल्या. १९८८ मध्ये कारखाना सुरू झाला तो या आपत्तीच्या दडपणाखाली. अखेर २००१ मध्ये तो कायमचा बंद पडला. नदीने मोकळा श्वास घेतला, पण कामगार रस्त्यावर आला. मालकाने भांडवल दुसरीकडे नेले. नदी किंवा कामगार यांना दुसरीकडे जाण्याची सोय नव्हती.

‘रोजगार हवा की नदी?’ हा प्रश्न मालकवर्गाचा आहे. कामगार चळवळीने तो त्याच्याच शब्दांत स्वीकारला की पराभव ठरलेला असतो. कामगार चळवळीने विचारावयाचा प्रश्न निराळा आहे: सांडपाणी शुद्ध करण्याचा खर्च मालक का करीत नाही?

यावर ‘आमचे पाणी प्रमाणात बसते’ असे ठरावीक उत्तर मिळते. प्रमाणांचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. पर्यावरण संरक्षण नियमांत एक उत्तम कसोटीही आहे: न मिसळलेल्या सांडपाण्यात ९६ तास ठेवलेल्या माशांपैकी ९० टक्के जगले पाहिजेत. परंतु ही कसोटी मेलेले मासे मोजते. जिवंत माशात काय बिघडले ते मोजत नाही. कॅनडातील ओंटारियो प्रांतात शास्त्रज्ञांनी २००१ पासून तीन वर्षे प्रयोगासाठी राखलेल्या एका तळ्यात गर्भनिरोधक गोळ्यांतील कृत्रिम संप्रेरक सोडले. त्याचे प्रमाण लिटरला अवघे ५ ते ६ नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग पाच-सहा वेळा, एवढेच होते. नर माशांच्या शरीरात अंड्यातील प्रथिन तयार होऊ लागले, त्यांची वृषणे नीट वाढली नाहीत, आणि तळ्यातील लहान माशांची ती जात जवळजवळ नष्ट झाली. असा मासा ९६ तासांच्या कसोटीत सहज उत्तीर्ण झाला असता. औषधांच्या कारखान्यांचे सांडपाणी आज देशातील अनेक ओढ्यानद्यांत जाते. हैदराबादजवळील पटानचेरू येथे अशा कारखान्यांच्या सामायिक शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळल्याचे २००७ साली प्रसिद्ध झाले. शुद्ध केलेल्या पाण्याची ही स्थिती!

म्हणूनच मागण्या स्पष्ट हव्यात. प्रत्येक कारखान्याने कोणती द्रव्ये किती प्रमाणात बाहेर सोडली याची यादी कामगार संघटनेला व ग्रामपंचायतीला मिळाली पाहिजे. नमुने घेताना दोहोंचे प्रतिनिधी हजर असले पाहिजेत. सजीवांच्या वाढीवर व प्रजननावर होणारा परिणाम कसोट्यांत आला पाहिजे. शुद्धीकरणासाठी उत्पादन थांबवावे लागले तर त्या काळातील पूर्ण वेतन मालकानेच दिले पाहिजे. हे कलम नसेल तर प्रदूषणविरोधी प्रत्येक आदेश कामगाराच्या ताटावर पडेल. आणि २०२४ ची दुरुस्ती ज्या राज्यांत ठरावासाठी येईल, तेथे तिला विधानसभेत व रस्त्यावर विरोध झाला पाहिजे.

कोणते द्रव्य कोणत्या नळातून केव्हा सोडले जाते, हे पहिल्यांदा कामगाराला कळते. नदीत काय बदलले, हे पहिल्यांदा मच्छीमाराला कळते. मावूरला ही दोन ज्ञाने एकत्र आली नाहीत आणि मालक सुटला. ती एका समितीत, एका बैठकीत, एका मागणीपत्रावर आणणे हे औद्योगिक भागातील प्रत्येक पक्षशाखेचे काम आहे.