वारीला निघण्यापूर्वी खिडकीकडे एक नजर



पेरणी उरकली, उगवण बरी दिसली की घरोघरी वारीची तयारी सुरू होते. आळंदीहून पायी निघालेला माणूस पंढरपूर करून घरी परतेपर्यंत तीन आठवडे सहज जातात. गुराढोरांची सोय आपण आठवणीने लावतो. घराला मात्र कुलूप घातले, किल्ली कमरेला खोचली की झाले!

मीही तेच केले. दोन वर्षांच्या खंडानंतर २०२२ साली पायी वारी पुन्हा सुरू झाली, म्हणून आईला घेऊन आम्ही उभयता निघालो. परत येऊन पाहतो तो पुढच्या दाराचे कुलूप शाबूत, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीची चौकट गजांसकट परसात पडलेली. शेजारी पडलेली पहारही माझीच! वाळवीचे औषध सांगत गावोगाव फिरणाऱ्या माणसाच्या घरची चौकट वाळवीने पोखरली होती. आईच्या पाटल्या गेल्या.

विमा आहे, एवढा धीर होता. घरकर्जाच्या वेळी ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसी काढली होती. १ एप्रिल २०२१ पासून ही एकसारखी पॉलिसी निघाली आणि ती चांगलीच आहे. आग, वीज, वादळ, पूर, भूकंप यांपासून घराला संरक्षण मिळते. घराचा विमा काढला की त्या रकमेच्या २० टक्के, पण जास्तीत जास्त १० लाख रुपयांपर्यंत, घरातले सामानही आपोआप धरले जाते. चोरीचा उल्लेख तीत आहे, तो मी वाचला होता, पण अर्धाच. आग-पुरासारखी आपत्ती येऊन गेल्यावर, तिच्यामुळे ७ दिवसांच्या आत झालेली चोरी तेवढी धरतात. नुसती घरफोडी तीत बसत नाही. कंपनीने नकार दिला, आणि कागदाप्रमाणे तिचे बरोबर होते.

म्हणून घरफोडीचा विमा वेगळा मागून घ्या. दागिन्यांची किंमत सांगून ते वेगळे नोंदवावे लागतात, रोकड बहुधा धरतच नाहीत. घर किती दिवस बंद असले तर चालते, हे एजंटाकडून तोंडी नको, पॉलिसीत दाखवून घ्या. वारकऱ्याला हीच अट नडते. कुलूप किंवा खिडकी फोडल्याची खूण नसेल तरी भरपाई अडते. जनावराच्या विम्याला कानातला बिल्ला लागतो ना? तशाच इथे पावत्या, आणि दागिन्यांचे मोबाईलवर काढलेले फोटो.

आता खिडकी. जुन्या घरांत गज लाकडी चौकटीत बसवलेले असतात. गज बोटाएवढे जाड असले तरी चौकट कुजली तर ते काय कामाचे? पावसाचे पाणी खालच्या लाकडावर साचते, ओल धरते, वाळवी तिथूनच चढते. खुरप्याचे टोक तिथे दाबून पाहा. ते आत रुतले तर चौकट बदला. वरून रंग देऊन भागत नाही. लोखंडी जाळी स्क्रूने बाहेरून बसवलेली असेल तर स्क्रूच्या डोक्यांवर वेल्डिंगचा ठिपका मारून घ्या, नाहीतर चोर पान्याने सावकाश खोलतो. मोरीची आणि माळ्याची लहान खिडकी विसरू नका. सोन्यापुरते बोलायचे तर बँकेचा लॉकर बरा.

शेजारणीला एक विनंती करून ठेवा: रोज सकाळी दारात सडा टाकावा, संध्याकाळी दिवा लावावा. झाडलोट नसलेले अंगण रस्त्यावरून ओळखू येते.

इतके करूनही चोरी झालीच तर आवराआवर करू नका. ११२ वर फोन करा, पंचनामा होऊ द्या, फिर्यादीची प्रत मागून घ्या, ती फुकट मिळते. कंपनीला त्याच दिवशी कळवा.

आमची खिडकी आता लोखंडी चौकटीची आहे. वारीला निघताना पहार, शिडी आणि कुदळ आई स्वतः मोजून आत घेते, मगच तुळशीची माळ शोधते.