कॅल्क्युलसच्या आधी डबा हातात द्या



बारावी सायन्सला एक गणित मी डोळे मिटून सोडवायचे. ठरावीक घनफळाचा, दोन्हीकडून बंद असा वृत्तचिती आकाराचा डबा कमीत कमी पत्र्यात करायचा, तर उंची किती हवी? डीएस बाय डीआर बरोबर शून्य, उंची त्रिज्येच्या दुप्पट, पूर्ण मार्क. पण ते शून्य नेमकं कशाचं, असं कुणी विचारलं असतं तर मी गप्पच बसले असते. पुढे डी.एड. केलं, शाळेत लागले, आणि ते शून्य मला सातवीच्या वर्गात समजलं.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की हा प्रश्न बारावीपर्यंत राखून ठेवू नका. कॅल्क्युलस खुशाल नंतर येऊ द्या. प्रश्न मात्र आधी येऊ द्या.

सुरुवात ६४ ठोकळ्यांनी करा. त्यांची भरीव इष्टिकाचिती ७ प्रकारे रचता येते. प्रत्येक रचनेला कागद गुंडाळायचा झाला तर किती चौकटी लागतील, ते मुलांना मोजू द्या. एकावर एक ६४ ठेवले तर २५८. ८ × ८ चा एकच थर केला तर १६०. ८ × ४ × २ ला ११२ आणि ४ × ४ × ४ ला ९६. ठोकळे तेवढेच, कागद मात्र इतका कमी-जास्त, याचं मुलांना खरंच नवल वाटतं.

मग डब्याकडे या. १ लिटर म्हणजे १००० घन सेंमी. त्रिज्या मुलांनी निवडायची, उंची घनफळावरून काढायची. ३ सेंमी त्रिज्येला पत्रा लागतो सुमारे ७२३ चौरस सेंमी, ४ ला ६००, ५ ला ५५७, ६ ला ५५९ आणि ७ ला ५९४. इथे माझ्या वर्गात भांडण लागलं. ५ बरोबर की ६? एक मुलगा म्हणाला, "बाई, मधलं घेऊ या ना." ५.५ ला आलं ५५४. आकडा घटत घटत येतो, थांबतो आणि पुन्हा वाढू लागतो. त्रिज्या किंचित वाढवली की झाकण आणि तळाचा पत्रा वाढतो, बाजूचा कमी होतो. जिथे वाढ आणि घट यांची फिट्टंफाट होते, तिथे ते शून्य! नेमकी त्रिज्या ५.४२ आणि उंची १०.८४, हे कॅल्क्युलस सांगतं. तक्ता आपल्याला जवळ नेतो, पण शेवटपर्यंत नेत नाही. हेही मुलांना सांगावं, म्हणजे पुढे कॅल्क्युलस कशासाठी शिकायचं हे त्यांना आधीच माहीत असतं.

एका पालकांनी मला विचारलं होतं, "हे परीक्षेला आहे का?" नाही. पण या दोन तासिकांत मुलांनी घनफळ, पृष्ठफळ, दशांश आणि भागाकार यांचा जेवढा सराव केला, तेवढा मी फळ्यावर उदाहरणं देऊन कधी करून घेऊ शकले नाही.

घरचे डबे मोजून आणायला सांगितले तेव्हा खरी पंचाईत झाली. उंची आणि व्यास सारखे असलेले डबे फारच थोडे निघाले. "बाई, कंपनीवाल्यांना गणित येत नाही!" येतं की. गोल झाकण चौकोनी पत्र्यातून कापलं तर कोपरे वाया जातात. ते धरून हिशेब केला की १ लिटरला त्रिज्या बरोबर ५ येते आणि उंची सुमारे १२.७, म्हणजे डबा उंच होतो. शिवाय ५ आणि ५.४२ यांत पत्र्याचा फरक जेमतेम साडेतीन चौरस सेंमी. त्या शून्याच्या आसपास आकार थोडा बदलला तरी बिघडत नाही, मग हातात नीट मावणारा डबा का करू नये? १५ किलो तेलाचा डबा तर गोलच नसतो. चौकोनी डबे ट्रकमध्ये फटी न ठेवता बसतात.

शेवटी एका मुलीने विचारलं, "झाकणच नसलं तर?" मी म्हटलं, तक्त्यातून एक वर्तुळ वजा कर. दुसऱ्या दिवशी तिने ७ सेंमी त्रिज्या आणि साडेसहा सेंमी उंची आणली. कॅल्क्युलसने दोन्ही ६.८३ येतात. तिच्या वहीत खाली लिहिलेलं होतं, "आमच्या पातेल्यासारखं."