मनाची झडती कोणाच्या अधिकारात?

एखाद्याच्या घराची झडती घ्यायची तर कायद्याचा आधार लागतो, पंच लागतात, पंचनामा लागतो. मनाची झडती घ्यायची तर काय लागते? गेल्या पाव शतकात तपासयंत्रणांनी या प्रश्नाचे उत्तर आपल्या सोयीने ठरवून टाकले. एक यंत्र, एक तंत्रज्ञ आणि कोठडीतला आरोपी एवढे त्यांना पुरेसे वाटले. विज्ञानाचा शिक्का असल्यामुळे समाजानेही फारशी चौकशी केली नाही. वास्तविक जिथे विज्ञानाचे नाव घेऊन माणसाचे स्वातंत्र्य हिरावले जाते, तिथेच विज्ञानाची कठोर परीक्षा व्हायला हवी.

पुण्याचा तो निकाल

जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने विषप्रयोगाने झालेल्या एका खुनाच्या खटल्यात एका तरुणीला जन्मठेप सुनावली. इतर परिस्थितिजन्य पुराव्यांच्या जोडीला न्यायालयाने तिच्या मेंदूच्या चाचणीचा अहवालही ग्राह्य मानला. या चाचणीत डोक्यावर ३२ इलेक्ट्रोड बसवतात आणि गुन्ह्याशी संबंधित वाक्ये प्रथमपुरुषात ऐकवतात. ‘मी आर्सेनिक विकत घेतले’ या धाटणीची ती वाक्ये असतात. आरोपीने एक शब्दही उच्चारायचा नसतो. त्याच्या मेंदूतील विद्युतलहरी टिपून, ती कृती त्याने स्वतः अनुभवली आहे की केवळ ऐकली आहे, हे संगणक ठरवतो, असा दावा आहे. त्या तरुणीला पुढे उच्च न्यायालयाने जामीन दिला. पण मेंदूच्या आलेखाच्या आधाराने भारतात शिक्षा झाली, ही वार्ता तोवर जगभर पोहोचली होती.

ही पद्धत विकसित करणारे चंपाडी रामन मुकुंदन हे बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ या ख्यातनाम संस्थेत दीर्घकाळ काम केलेले मानसशास्त्रज्ञ. पण त्याच ‘निम्हान्स’चे तत्कालीन संचालक डॉ. डी. नागराज यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञसमितीने २००८ मध्येच या चाचण्या अशास्त्रीय ठरवल्या आणि पुरावा म्हणून त्यांचा वापर थांबवण्याची शिफारस केली. असे असूनही न्यायवैद्यक प्रयोगशाळांचा या तंत्रावरील विश्वास संपला नाही.

समितीचा आक्षेप समजण्यासाठी मेंदूशास्त्राची पदवी लागत नाही. कोठडीतील आरोपीने ती वाक्ये चाचणीच्या दिवशी प्रथमच ऐकलेली नसतात. पोलिसांनी ती त्याला चौकशीत पुनःपुन्हा ऐकवलेली असतात, वकिलाने समजावलेली असतात, वृत्तपत्रांनी छापलेली असतात. निरपराध माणूसही रात्र रात्र तेच प्रसंग भयाने डोळ्यांसमोर आणत असतो. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ ही म्हण उगाच रूढ झालेली नाही. अशा मनात उठलेला तरंग अनुभवाचा की भयाचा, स्मृतीचा की कल्पनेचा, हे लहर स्वतः सांगत नाही. ते यंत्रामागचा माणूस ठरवतो. म्हणजे साक्षीदार यंत्र नसून तंत्रज्ञच असतो, आणि उलटतपासणी मात्र कोणाचीच नीट होत नाही.

हेतू ओळखणारे यंत्र

झालेल्या कृतीची ही कथा. तर न झालेल्या कृतीची काय असेल? जर्मनीत जॉन-डिलन हेन्स आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. आठ व्यक्तींना दोन संख्यांची बेरीज करायची की वजाबाकी, हे मनात ठरवण्यास सांगितले आणि एमआरआय प्रतिमांवरून तो गुप्त निर्णय ओळखण्याचा प्रयत्न केला. यश मिळाले ते जास्तीत जास्त ७१ टक्के. नाणे उडवून सांगितले असते तरी ५० टक्के उत्तरे बरोबर आलीच असती! शिवाय हे लोक स्वेच्छेने, निश्चल पडून सहकार्य करणारे होते आणि पर्याय दोनच होते. शास्त्रीय कुतूहल म्हणून हा प्रयोग मोलाचाच आहे. परंतु बेरीज-वजाबाकीवरून घातपाताच्या कटाकडे उडी मारणे हे शास्त्र नव्हे.

उद्या यंत्र सुधारेल, असे म्हटले जाते. सुधारू दे. समजा, ते ९५ टक्के अचूक झाले आणि १०,००० प्रवाशांत १० जण खरोखर दुष्ट हेतू बाळगून आहेत. यंत्र त्या दहांपैकी नऊ-दहा जण दाखवील. पण उरलेल्या ९,९९० निरपराधांपैकी सुमारे ५०० जणांवरही बोट ठेवील. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण इथे यंत्राच्या साह्याने आणि सरकारी खर्चाने अमलात येईल.

विचार आणि कृती

तरीही आक्षेप केवळ अचूकतेचा नाही. यंत्र शंभर टक्के अचूक झाले, तरी मूळ प्रश्न उरतोच. कठोपनिषदाने शरीराला रथ, इंद्रियांना घोडे, मनाला लगाम आणि बुद्धीला सारथी म्हटले आहे. यंत्र फार तर लगामाला बसलेला हिसका टिपेल. सारथी रथ कोणत्या वाटेने नेणार, हे त्याला कसे कळावे? संताप, मत्सर, सूड यांचे विचार कोणाच्या मनात येत नाहीत? ते येऊनही हात न उचलणे, यालाच संस्कार म्हणतात, संयम म्हणतात. ज्या क्षणी विचारालाच अपराध मानले जाईल, त्या क्षणी संयमाला काही मूल्य उरणार नाही. नुसत्या मनातल्या विचाराला कायदाही शिक्षा करीत नाही, तो याच कारणाने.

यावर राष्ट्रसुरक्षेचा मुद्दा मांडला जातो, आणि तो हलका नाही. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकलमध्ये झालेले स्फोट ज्यांनी पाहिले, त्यांना दहशतवाद्याच्या मनाची काळजी वाहणे रुचणार नाही. परंतु सदोष चाचणीने चुकीचा माणूस पकडला जातो, तेव्हा खरा गुन्हेगार मोकळा राहतो आणि खटला न्यायालयात कोसळतो. कष्टाचा तपास, हेरगिरी, भौतिक पुरावा यांना पर्याय म्हणून टोपी आणि तारा वापरणारी यंत्रणा राष्ट्राला सुरक्षित करीत नाही. ती स्वतःचा आळस सुरक्षित करते.

संमतीचा देखावा

मुंबई उच्च न्यायालयाने २००४ मध्ये अशा चाचण्यांना मुभा दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी सेल्वी प्रकरणात ती दिशा बदलली. सक्तीने केलेली नार्को, पॉलिग्राफ वा मेंदूची चाचणी राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) आणि २१ चा भंग करते, असे तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले. जून २०२५ मध्ये, बिहारमधील नार्को चाचणीच्या प्रकरणात, हीच भूमिका न्यायालयाला पुन्हा मांडावी लागली. पंधरा वर्षांनंतरही ती सांगावी लागते, यातच यंत्रणांची वृत्ती दिसते.

आता पळवाट आहे ती संमतीची. न्यायदंडाधिकाऱ्यासमोर संमती नोंदवावी, वकील उपलब्ध असावा, हे नियम चांगलेच आहेत. पण कोठडीतील माणसाने नकार दिला की वाहिन्यांवर त्याच रात्री प्रश्न उभा राहतो, ‘लपवण्यासारखे नव्हते तर नाही का म्हणाला?’ अशा वातावरणातील होकार किती स्वेच्छेचा?

चिलीने २०२१ मध्ये राज्यघटना दुरुस्त करून मेंदूतील व्यापार आणि त्यातून मिळणारी माहिती यांना संरक्षण दिले. मनाचे शास्त्र सहस्रावधी वर्षे अभ्यासणाऱ्या भारताने या बाबतीत मागे का राहावे? मेंदूची चाचणी पुरावा म्हणून कदापि ग्राह्य नाही, नकारावरून कोणताही निष्कर्ष काढता येणार नाही आणि नोंदलेली माहिती अन्यत्र वापरता येणार नाही, हे संसदेने कायद्यातच लिहावे. राज्याने कृतीचा हिशेब जरूर मागावा, आणि कठोरपणे मागावा. मनाचा हिशेब मागण्याचा अधिकार त्याला कोणी दिलेला नाही.